शीचा रंग

आमची आजी तान्ह्या बाळाचं दुपटं धुण्याआधी निरखून बघायची. आम्हाला हसू यायचं.

पण दोन आठवड्यांनंतरही कावीळ उतरली नाही आणि शी पांढुरकी असेल, तर यकृतातून पित्त आणणारी नळी बुजलेली असू शकते. पूर्वी अशा बहुतेक बाळांवर इलाजच नव्हता. १९५५ साली जपानमधल्या सेंदाईत मोरिओ कासाईंनी ७२ दिवसांच्या बाळाचं पोट उघडलं. जोडायला नळीच नव्हती, त्यात यकृताच्या तोंडाशी रक्त थांबेना. म्हणून त्यांनी तिथे आतडंच लावून दिलं. आणि पुढे चक्क पित्त वाहू लागलं!

कासाई शस्त्रक्रिया ती हीच. पण ६० दिवसांच्या आत झालेली बरी. उशिराने यकृत निबर होतं, मग उरतं प्रत्यारोपण.

तैवानने २००४ पासून देशभरातल्या आयांना शीच्या रंगांचं कार्ड दिलं. आजी म्हणाली असती, ‘त्यात काय नवीन?’