स्पर्श कातडीला कळतो, जात कुणाला कळते?

माणसाला इंद्रिये किती, हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने पाच सांगितली. डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा. त्याच्याही आधी तथागतांनी सहा सांगितली. सहावे मन. इंद्रिय, त्याचा विषय आणि जाणीव, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे फस्स, म्हणजे स्पर्श होतो. त्यातून वेदना आणि वेदनेतून तण्हा. हे ऐकायला अवघड वाटते. पण आम्हा गिरणी कामगारांच्या इतिहासातच याचा पुरावा आहे. नव्या पिढीला तो ठाऊक नाही, म्हणून इथे मांडतो.

मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी १८५६ साली चालू झाली. पुढे गिरणगाव वाढले आणि आपले वाडवडील गाव सोडून कामाला आले. त्यांना काम मिळाले ते बहुतेक रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायला. साळखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव! कारण काय, तर धोटा. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक भोकातून बाहेर काढायला साळी तिथे तोंड लावून श्वास ओढायचा. त्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले तर आम्ही बाटू, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे.

आता गंमत बघा. ते सूत आले कुठून? रिंग खात्यातून. तिथे तुटलेला धागा आपलीच माणसे बोटांनी सांधत होती. तेच सूत साळी दिवसभर तोंडाने ओढत होता. त्याच्या जिभेला कधी वेगळी चव लागली नाही, की ओठाला चटका बसला नाही. म्हणजे विटाळ जिभेला कळत नव्हता, कातडीलाही कळत नव्हता. तो होता फक्त मनात, आणि मनात तो लहानपणापासून भरवलेला होता.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यावर बंदी आणली, ती रोग पसरतो म्हणून. तिथे बंदी धोट्यावर आली, इथे माणसावर! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी साळखाते आपल्या लोकांना खुले करा, असा आग्रह धरला. मजुराला मजूर शिवून घेत नसेल, तर एकजूट कसली?

कातडीला दाब आणि उष्णता कशी कळते, हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ साली नोबेल मिळाले. गरम, गार, दाब हे सगळे टिपणारे रेणू शरीरात सापडले. जात ओळखणारा मात्र कुठेही नाही.

१९५० च्या संविधानाने अस्पृश्यता कायद्याने संपवली. पण सहाव्या इंद्रियाची झाडलोट कायदा करीत नाही. ती ज्याची त्यानेच रोज करायची असते. आपणही आपल्यातली पोटजात अजून मनात बाळगतो का, हे बंधू-भगिनींनी स्वतःला विचारावे, एवढीच विनंती.

जयभीम!