फांद्यांचा डेटा सपाट तक्त्यात कसा आणायचा? सातबाऱ्याचं उदाहरण घेऊन समजून घ्या

एखाद्या ॲपमधून किंवा सरकारी पोर्टलवरून डेटा डाउनलोड केला, की पुष्कळदा हातात जेसन किंवा एक्सएमएल फाइल येते. ती गुगल शीट्समध्ये उघडायला गेलं की सगळा गोंधळ. कारण शीटला फक्त ओळी आणि रकाने कळतात, आणि या फाइलीतला डेटा झाडासारखा असतो: खोड, फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या. हे झाड मोडून सपाट तक्ता कसा करायचा, ते या लेखात बघू.

झाडासारखा डेटा म्हणजे काय?

माझं गाव चुडावा. त्याचा पत्ताच बघा: महाराष्ट्र, त्यात परभणी जिल्हा, जिल्ह्यातल्या ९ तालुक्यांपैकी पूर्णा, आणि पूर्णा तालुक्यात चुडावा. एकाच्या पोटात दुसरं. गावाच्या पोटात जमिनीचे गट आणि गटाच्या पोटात खातेदार व पिकं. एक काल्पनिक गट घेऊ:

गट ४५, क्षेत्र २.०० हेक्टर
– खातेदार: क (०.८०), ख (०.७०), ग (०.५०)
– पिकं: सोयाबीन (१.२०), कापूस (०.८०)

इथे एका गटाखाली दोन वेगळ्या याद्या आहेत. सगळी मेख इथेच आहे.

साधी पद्धत: वरची माहिती खाली उतरवा

यादी एकच असेल तर काम सोपं. यादीतल्या प्रत्येक नोंदीची एक ओळ करायची आणि वरच्या पातळीची माहिती प्रत्येक ओळीत पुन्हा लिहायची.

| गाव | गट | गटाचं क्षेत्र | खातेदार | हिस्सा |
|---|---|---|---|---|
| चुडावा | ४५ | २.०० | क | ०.८० |
| चुडावा | ४५ | २.०० | ख | ०.७० |
| चुडावा | ४५ | २.०० | ग | ०.५० |

“तेच तेच कशाला लिहायचं?” म्हणून खालचे सेल रिकामे सोडू नका किंवा मर्ज करू नका. सॉर्ट किंवा फिल्टर लावला की रिकाम्या ओळी कोणत्या गटाच्या, ते कळणारच नाही.

गफलत कुठे होते?

आता पिकंही त्याच तक्त्यात घालू म्हटलं, तर कन्व्हर्टर बहुधा प्रत्येक खातेदारापुढे प्रत्येक पीक लावतो. ३ खातेदार गुणिले २ पिकं, म्हणजे ६ ओळी. दिसायला तक्ता एकदम नीटनेटका. पण बेरीज करून बघा:

– गटाचं क्षेत्र: २.०० ऐवजी १२.००
– खातेदारांचे हिस्से: २.०० ऐवजी ४.००
– सोयाबीन: १.२० ऐवजी ३.६०

शीट कुठेही लाल खूण दाखवत नाही, कारण तिच्या हिशेबाने सगळं बरोबरच आहे. पण या आकड्यावर बियाणं मागवलं तर तिप्पट येईल. पीक विम्याच्या यादीत हाच आकडा गेला तर प्रत्यक्ष जमीन आणि कागद जुळणार नाहीत, आणि निस्तरावं लागेल शेतकऱ्यालाच. शिवाय त्या ६ ओळी सांगतात की ‘क’ने सोयाबीनही पेरलं आणि कापूसही. मूळ डेटात तसं कुठेच लिहिलेलं नाही.

तलाठ्याच्या दप्तरातलं उत्तर

आपण ‘सातबारा’ एका दमात म्हणतो, पण तो मुळात दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाची. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद: कोणत्या हंगामात काय, किती क्षेत्रावर. आणि ८-अ मध्ये तीच माहिती खातेदाराच्या बाजूने मांडलेली असते: एका खात्यावर गावात कुठे कुठे जमीन आहे.

हाच आपला नियम. एका यादीचा एक तक्ता. आणि तक्ता करण्याआधी एकच प्रश्न विचारा: यातली एक ओळ म्हणजे काय?

१. गट तक्ता: एक ओळ म्हणजे एक गट. क्षेत्र फक्त इथेच.
२. खातेदार तक्ता: एक ओळ म्हणजे एका गटातला एक खातेदार.
३. पीक तक्ता: एक ओळ म्हणजे एका गटातलं एका हंगामातलं एक पीक.

तिन्हीत गाव आणि गट क्रमांक हे रकाने ठेवा. तेच जोडणारे दुवे. फक्त नावावर विसंबू नका, एकाच नावाचे दोन खातेदार गावोगाव असतात. खाते क्रमांक मिळत असेल तर तो घ्या. पिकाच्या नोंदीतही खाते क्रमांक असेल, तर कोणाचं कोणतं पीक हे जोडता येतं. नसेल, तर ते शीटकडून काढून घेण्याचा हट्ट धरू नका.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकं नोंदवू लागले. नोंद मोबाईलवर होते म्हणून डेटाची रचना बदलत नाही. गटाखाली पिकं ही फांदी तशीच राहते.

प्रत्यक्ष कसं करायचं?

– सीएसव्हीचा पर्याय आहे का बघा. डाउनलोडच्या ठिकाणी सीएसव्ही मिळत असेल तर अर्धं काम वाचलं. तरीही एक ओळ म्हणजे काय, ते तपासाच.
– कॉम्प्युटर असेल तर विंडोजवरच्या एक्सेलमध्ये पॉवर क्वेरी वापरा. तिथे यादी नव्या ओळींमध्ये उलगडता येते. एका वेळी एकच यादी उलगडा. दुसरीसाठी वेगळी क्वेरी.
– फक्त मोबाईल असेल तर ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडून पायथनची पांडाज लायब्ररी वापरता येते. तिच्यात ‘जेसन नॉर्मलाइज’ नावाचं फंक्शन आहे. ‘रेकॉर्ड पाथ’मध्ये कोणती यादी उघडायची ते सांगायचं, ‘मेटा’मध्ये वरची कोणती माहिती प्रत्येक ओळीत उतरवायची ते.
– अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर लोकांची नावं, आधार किंवा जमिनीची माहिती टाकू नका. सरावासाठी खोटी नावं पुरेत.

हे सापळे ओळखून ठेवा

– गट क्रमांक १२/१ टाकला की शीट त्याची तारीख करते. रकाना आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करा.
– कोडच्या सुरुवातीचं शून्य उडतं, आणि १५ पेक्षा जास्त अंकांचा नंबर एक्सेलमध्ये शेवटी शून्यं होऊन बदलतो. उपाय तोच: मजकूर म्हणून ठेवा.
– मराठी अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसल्या, तर फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडा.
– या लेखात देवनागरी अंक आहेत, पण शीटमध्ये बेरजेसाठी इंग्रजी अंकच टाका. जेसनमध्येही संख्या इंग्रजी अंकांतच चालते.

शेवटची तपासणी

तक्ता कोणाला पाठवण्याआधी तीन गोष्टी करा. मूळ फाइलीत जेवढ्या नोंदी, तेवढ्याच ओळी आल्या का, ते मोजा. एक गट निवडून त्याचे आकडे हाताने जुळवा. आणि क्षेत्राची बेरीज गट तक्त्यातूनच घ्या: वरून खाली उतरवलेल्या रकान्याची बेरीज कधीच करू नका. बेरीज गावाच्या शिवारापेक्षा मोठी निघाली, तर जमीन वाढलेली नसते, ओळी वाढलेल्या असतात.