गंजिफा : खेळण्याजोगे रंगकाम म्हणजे काय?

१/ जुळे सोलापुरातील एखाद्या घरात आज कोणी मेजावरच्या युद्धखेळातले बोटभर उंचीचे सैनिक रंगवायला घेतले, तर पहिला प्रश्न हाच पडतो : किती बारकाईने रंगवायचे? कपाटात मांडायच्या सोंगटीची कसोटी वेगळी, खेळायच्या सोंगटीची वेगळी. खेळायची सोंगटी हातभर अंतरावरून ओळखू यावी आणि हाताळणीत तिचा रंग टिकावा, एवढे पुरेसे मानतात.

२/ हा छंद पाश्चात्त्य आहे. एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम १९१३ साली पुस्तकरूपाने मांडले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. कसोटी मात्र त्याहून पुष्कळ जुनी. महाराष्ट्रात ती सावंतवाडीच्या गंजिफेत दिसते.

३/ गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेल्या, बहुधा गोल पत्त्यांचा खेळ. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनाम्या’त आहे, अकबराच्या गंजिफेचे वर्णन ‘ऐन-इ-अकबरी’त येते. पुढे ९६ पानांच्या मोगल गंजिफेबरोबर १२० पानांची दशावतारी गंजिफाही रूढ झाली. सावंतवाडीत तिला तिसरे खेमसावंत (१७५५-१८०३) यांच्या काळात राजाश्रय मिळाल्याचे सांगितले जाते.

४/ दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात बारा पाने असतात. राजा आणि प्रधान ही चित्रांची पाने. उरलेल्या दहांवर एकापासून दहापर्यंत चिन्हे. मत्स्याच्या गटात मासे, कूर्माच्या गटात कासवे, परशुरामाच्या गटात परशू. म्हणजे एका गटात ५५ आणि पूर्ण संचात ५५० चिन्हे, शिवाय वीस चित्रे.

५/ ५५ मासे रंगवणाऱ्या चिताऱ्याला प्रत्येक खवला रेखाटणे परवडत नाही. मोजक्या फटकाऱ्यांत मासा उभा राहिला पाहिजे, आणि पहिला व पंचावन्नावा मासा एकाच जातीचा दिसला पाहिजे. गंजिफेच्या परंपरेत त्यामुळे दोन प्रती ओळखल्या जात : हस्तिदंतासारख्या मौल्यवान साहित्यावरची ‘दरबारी कलम’ आणि सामान्य खेळाडूसाठी कागद, कापड वा लाकडावरची ‘बाजारी कलम’. बाजारी म्हणजे निकृष्ट नव्हे; ती खेळासाठी केलेली.

६/ खेळाचे नियमच चिताऱ्यावर बंधने घालत. पानांच्या पाठी तंतोतंत सारख्या हव्यात. एखाद्या पाठीवर वेगळा डाग पडला, की ते पान सर्वांना कळले. तिघांत डाव वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. एवढ्या पानांत गट चटकन ओळखू यावा, म्हणून प्रत्येक गटाची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची.

७/ दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती, तो डाव सुरू करतो. रात्री हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो. म्हणजे तेच पान उन्हात आणि समईच्या उजेडातही ओळखू यायला हवे. शिवाय पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान. परशुरामापासून पुढच्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. नऊ आणि दहा चिन्हांत क्षणभर गोंधळ झाला, तरी हात जातो. तेव्हा चिन्हांची मांडणी हा शोभेचा नव्हे, हारजितीचा प्रश्न होता.

८/ टिकाऊपणाचे काम लाखेचे. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या पानावर रंग चढवायचे आणि वरून लाखेचा लेप द्यायचा. त्यामुळे घामट हातांनी वारंवार पिसूनही पान तग धरी, आणि गुळगुळीत पाने एकमेकांवरून सहज सरकत.

९/ एकोणिसाव्या शतकात युरोपात यंत्रावर छापलेले पत्ते स्वस्त झाले आणि हिंदुस्थानच्या बाजारात आले. ५२ पाने लक्षात ठेवायला सोपी, विकत घ्यायला त्याहून सोपी. गंजिफेचे खेळाडू घटले, आणि खेळाडूंमागोमाग चितारीही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत ही कला जाणणारे मोजकेच उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्याच्या दरबार सभागृहातच कार्यशाळा उभी केली.

१०/ त्यामुळे कुंचला वाचला. खेळ मात्र तितका वाचला नाही. आज गंजिफा बहुधा भेटवस्तू म्हणून विकत घेतली जाते, चौकटीत बसवून भिंतीवर टांगली जाते. पाठी सारख्या आहेत की नाहीत, दिव्याच्या उजेडात रंग वेगळे कळतात की नाही, हे तपासणारा हातच समोर नसतो. मग बारकावे वाढतात, ‘दरबारी’ नजर सुखावते; पण ज्या कसोटीवर हे रंगकाम घडले, ती हळूहळू विस्मरणात जाते.

११/ म्हणून सावंतवाडीहून आणलेला संच डब्यातून बाहेर काढून तिघांनी एक डाव मांडणे, हेही कलेचे जतनच आहे. एक्का कुठे मोठा आणि दश्शी कुठे मोठी, एवढे ठाऊक असले की आरंभ करता येतो.