विशालन, सूक्ष्मदर्शकाचे : अल्प व उच्च

सूक्ष्मदर्शकातून दिसणारी प्रतिमा मूळ वस्तूच्या जितक्या पट मोठी भासते त्या प्रमाणास विशालन म्हणतात. संयुक्त सूक्ष्मदर्शकात पदार्थभिंग व नेत्रिका यांच्या विशालनांचा गुणाकार घ्यावयाचा असतो. नेत्रिका १० पटींची असल्यास ४, १०, ४० व १०० पटींच्या पदार्थभिंगांनी अनुक्रमे ४०, १००, ४०० व १००० पट विशालन मिळते, आणि त्यांपैकी पहिली दोन अल्प व उरलेली दोन उच्च समजण्याचा प्रघात आहे.

पेण तालुक्यात धरमतर खाडीलगत असलेल्या डोलवी येथे इस्पात इंडस्ट्रीजने उभारलेला व २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यू समूहाकडे गेलेला पोलाद कारखाना आहे. तेथे तयार होणाऱ्या तप्त-लाटण पत्र्याच्या गुंडाळ्यांसारख्या मालाची अंतर्रचना तपासावयाची झाल्यास या दोन्ही विशालनांचे प्रयोजन उत्तम रीतीने ध्यानी येते. पोलाद अपारदर्शक असल्यामुळे प्रकाश खालून न देता पदार्थभिंगातूनच नमुन्यावर पाडावा लागतो. पत्र्याचा लहानसा तुकडा बेकेलाइटमध्ये बसवून, एमरी कागदावर क्रमाक्रमाने घासून आरशासारखा चकचकीत केल्यावर तो प्रथम तसाच, आम्लाचा स्पर्श होऊ न देता, १०० पटींखाली पाहतात. कारण मळीचे व ऑक्साइडाचे काळसर कण कोठे, किती व कोणत्या दिशेने ओढले गेले आहेत हे विस्तृत क्षेत्र नजरेत असल्याखेरीज कळत नाही. नंतर अल्कोहोलातील सौम्य नायट्रिक आम्ल लावताच पोलादाच्या स्फटिककणांच्या सीमा उमटतात. कणांचा आकार ठरविण्याचे रूढ अमेरिकी मानकही १०० पटींवरच बेतलेले आहे : त्या विशालनावर एका चौरस इंचात १२८ कण भरले तर क्रमांक ८, आणि दर क्रमांकास संख्या दुप्पट.

मात्र पोलादातील पर्लाइट हा घटक अल्प विशालनाखाली निव्वळ काळा डाग दिसतो. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने १८६३ च्या सुमारास पोलादाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी सुरू केली खरी, परंतु फेराइट व सिमेंटाइट यांचे एकाआड एक पातळ थर त्या डागात दडलेले आहेत, हे त्याने उच्च विशालन योजून १८८६ मध्ये मांडले. मधल्या दोन तपांचा विलंब या विषयाचा सर्वांत बोलका दाखला मानावा लागेल.

उच्च विशालनाची किंमतही मोजावी लागते. १० ऐवजी ४० पटींचे पदार्थभिंग लावले की दृष्टिक्षेत्राचे क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर येते, भिंग व नमुना यांतील अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरते, आणि केंद्रीकरणाची खोली एखाद्या मायक्रॉनइतकी होते. साहजिकच आम्ल किंचित अधिक चढले तरी प्रतिमा धूसर दिसते. शिवाय विशालन व विभेदन या भिन्न गोष्टी होत. हिरव्या प्रकाशात तेलात बुडविलेले उत्तम भिंगही सुमारे पाव मायक्रॉनहून जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही, म्हणून दीड हजार पटींपलीकडील वाढ पोकळच ठरते. तरीही १००० पटींचे चित्र अहवालास जोडण्याची हौस पुष्कळांना असते, जरी प्रश्न कणाकाराचाच असला तरी. तपासणी अल्प विशालनाने आरंभावी व संशयित जागा मध्यभागी आणूनच भिंग बदलावे. छायाचित्राखाली केवळ पटींचा आकडा देऊ नये, मापरेषा छापावी. चित्र लहानमोठे छापले गेल्यास आकडा चुकतो, मापरेषा चुकत नाही.