निळू फुले : पडद्यावरचा पाटील आणि आमचा मारुती कांबळे

१३ जुलै आला की निळूभाऊंचा फोटो मोबाईलवर फिरू लागतो. २००९ साली याच दिवशी पुण्यात त्यांचे निधन झाले. फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते, वाड्यावर बोलावण्याची. मग हसण्याच्या खुणा, आणि श्रद्धांजली संपली. अडीचशेच्या आसपास मराठी-हिंदी चित्रपट, शेकडो गावांतले वगनाट्याचे प्रयोग आणि आयुष्यभराचे सामाजिक काम एवढे सगळे त्या एका नकलेत गुंडाळून टाकले जाते. ज्याने सत्तेचा माज लोकांसमोर उघडा केला, त्या माणसाला विनोदाचा विषय करण्यात नेमका कोणाचा फायदा आहे, हा विचार आंबेडकरी तरुणांनी करायला हवा.

आम्ही वारणानगर परिसरात काम करतो. ऊस, साखर कारखाना, दूध संघ, शाळा-कॉलेज यांभोवती वाढलेला हा भाग. तात्यासाहेब कोरे यांनी पन्हाळा तालुक्यातल्या या माळरानावर सहकार उभा केला, त्यातून रस्ते आले, शिक्षण आले, आणि आमच्या वस्त्यांतली मुलेही त्याच कॉलेजात शिकली. हे आम्ही नाकारत नाही. पण अशा भागात राहून आमच्या गटातल्या मुलांबरोबर ‘सामना’ पाहिला, तेव्हा चित्रपट संपल्यावर एका मुलाने विचारले, “दादा, कांबळे तर आपलाच. मग अख्ख्या पिक्चरमध्ये त्याचं घर का नाही दिसत?” हा लेख त्या प्रश्नातून सुरू झाला.

आधी माणूस समजून घेऊ.

निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० साली पुण्यात, माळी समाजातल्या बेताच्या परिस्थितीच्या कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम केले. पगार महिना ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. ही रक्कम आज किरकोळ वाटेल. पण ८० मधले १० म्हणजे मिळकतीचा आठवा हिस्सा. बाबासाहेबांनी समाजासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा काढून ठेवायला सांगितले होते. आपल्यापैकी किती नोकरदार तो काढतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

सेवा दलाच्या कलापथकात निळूभाऊ घडले. १९५७ च्या निवडणुकीच्या प्रचारासाठी त्यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधला त्यांचा रोंगे गाजला. पुढे शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांचे नाव गावोगावी नेले. म्हणजे कॅमेऱ्यासमोर येण्याआधी हा नट उघड्या मैदानात, गॅसबत्तीच्या उजेडात, कष्टकरी माणसासमोर तयार झाला होता.

इथे इतिहासातली एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वग, गण, गवळण, बतावणी हा सगळा ऐवज तमाशाचा आहे, आणि तमाशा महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी शतकानुशतके जगवला. पठ्ठे बापूरावांचे नाव घेताना पवळाबाईंचे नाव मागे पडते, ते उगाच नाही. महात्मा फुल्यांच्या अनुयायांनी याच तमाशातली देवदेवतांची स्तुती काढून सत्यशोधक जलसा उभा केला. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी त्यातूनच आंबेडकरी जलसा उभा केला आणि बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोचवला. स्वातंत्र्यानंतर हाच ऐवज ‘लोकनाट्य’ म्हणून शहरी रंगमंचावर गेला आणि प्रतिष्ठित झाला. कला तीच, पण मानधन आणि मानसन्मान दुसऱ्याच घरी गेले. निळू फुले या लोकनाट्याच्या लाटेतून पुढे आले हे खरे. पण त्यांच्या वगात राजकारणावर चाबूक असे, आणि त्या चाबकाचे नाते मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहापेक्षा जलशाशी अधिक जवळचे होते असे आम्ही मानतो.

१९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधून ते पडद्यावर आले. तिथला त्यांचा झेलेअण्णा लोकांनी उचलून धरला. नायकाला लागतो तसला चेहरा त्यांच्याकडे नव्हता. गोरा रंग नाही, गोड हसू नाही. होता तो खर्जातला खरखरीत आवाज, अर्धवट मिटलेले डोळे आणि थांबून थांबून बोलायची लकब. सरपंच, पाटील, चेअरमन, आमदार, सावकार अशा भूमिका त्यांच्याकडे एकामागून एक आल्या. त्यांचा खलनायक आरडाओरडा करत नसे. धोतराचा सोगा धरून तो शांतपणे बोले, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येई. गावातल्या बायका आपल्याला पाहून शिव्या घालतात, हे ते स्वतः सांगत. त्या बायकांना नट आणि माणूस यातला फरक कळत नव्हता, असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या बायकांनी तो पाटील गावात पाहिलेला होता. खऱ्या पाटलाला तोंडावर देता न येणारी शिवी त्या निळूभाऊंना देत होत्या.

कोल्हापूरला ही परंपरा नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली याच मातीत ‘सावकारी पाश’ काढला आणि सावकाराने नागवलेला शेतकरी पडद्यावर आणला. पन्नास वर्षांनी, १९७५ साली, ‘सामना’ आला. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची. तो बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेला. मधल्या पन्नास वर्षांत सावकार बदलला होता. त्याच्या हातात आता चोपडी नव्हती, साखर कारखाना होता. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील हा तो नवा सत्ताधीश. हा कारखाना कथेतला आहे, अमुक एका गावचा नाही. म्हणूनच प्रत्येक गावाला तो आपला वाटला.

डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर दारूत बुडालेला, पण त्याच्या तोंडून एक प्रश्न सुटत नाही : मारुती कांबळे या माणसाचे काय झाले? सैन्यातून परतलेला, अन्यायाविरुद्ध बोलणारा हा माणूस गावातून नाहीसा झालेला असतो. त्या प्रश्नाने हिंदुरावाचा वाडा हादरतो. महाराष्ट्रात हा प्रश्न इतका गाजला की राजकीय सभांत आणि अग्रलेखांत तो म्हणीसारखा वापरला गेला.

पण आमच्या भागात कांबळे आडनाव ऐकले की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, त्याची गरजच नसते. ‘सामना’वरच्या आमच्या वाचनातल्या चर्चेत मात्र मास्तर विरुद्ध हिंदुराव, नीती विरुद्ध सत्ता, लागू विरुद्ध निळू फुले हेच येते. ज्याचा जीव गेला त्याची जात, त्याची जमीन, त्याची बायकापोरे यावर कोणी थांबत नाही. कांबळे प्रश्न म्हणून अमर झाला, माणूस म्हणून नाहीसाच राहिला. आमच्या गटातल्या मुलाला हेच टोचले होते.

याचे कारण पडद्याबाहेर शोधावे लागते. सहकारी कारखान्याचा सभासद व्हायचे तर ऊस हवा, ऊस पिकवायचा तर जमीन आणि पाणी हवे. ज्याच्या वाट्याला महार वतनाची तुकड्यातुकड्यांची जमीन आणि गावकीची वेठ आली, तो या दारातून आत येणार कसा? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून, जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, अशी योजना मांडली. ती स्वीकारली गेली नाही. दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह करावे लागले. सहकाराने मध्यम शेतकऱ्याला उभे केले, हे मोठे काम झाले. पण जमिनीचे वाटप जसे होते तसेच ठेवून उभारलेल्या सहकारात भूमिहीनाची जागा उसाच्या फडातच राहते. हिंदुरावाची ताकद त्याच्या मिशीत नव्हती, या रचनेत होती. निळूभाऊंनी ती ताकद इतकी खरी उभी केली की पाहणाऱ्याला तिचे मूळ शोधावेसे वाटते.

निळूभाऊ एका साच्याचे नट होते, हा समजही चुकीचा आहे. १९७२ साली कमलाकर सारंगांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये त्यांनी सखाराम केला. जन्माने ब्राह्मण, तोंडाने शिवराळ असा तो माणूस माळी समाजातल्या नटाने रंगभूमीवर उभा केला, हे त्या काळच्या नाट्यव्यवहारात साधे नव्हते. ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ते ठाकर वस्तीतला भगत झाले. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) सत्तेचा खेळ पाहून कोलमडणारा पत्रकार दिगू टिपणीस झाले. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकात मुलाच्या सत्तेविरुद्ध उभा राहणारा जुना स्वातंत्र्यसैनिक झाले. ‘सारांश’ने (१९८४) हिंदी प्रेक्षकाला त्यांची ओळख करून दिली. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता त्या वाड्यावरच्या नकलेकडे येऊ. ज्या बाईला पाटील वाड्यावर बोलावतो, ती कोण असते? बहुतेक तमाशापटांत ती फडावर नाचणारी असते. म्हणजे जात आणि बाईपण यांच्या दुहेरी ओझ्याखाली जगणारी आपल्याच समाजातली कलावंत. निळूभाऊंनी तो पाटील किळस यावी असा रंगवला. आज आपली पोरे तीच लकब मारून मुलींसमोर हसतात. अत्याचार करणाऱ्याचा आवाज आपल्या गळ्यातून निघतो आणि आपल्याला त्याची लाज वाटत नाही, ही हार निळूभाऊंची नाही, आपली आहे.

पडद्याबाहेरचे निळूभाऊ वाड्यावरचे नव्हतेच. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला त्यांनी उघड साथ दिली. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंसह नामवंत नटांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, त्यात ते होते. त्या पैशातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. कार्यकर्ता उपाशी राहून चळवळ चालत नाही, हे या नटांना कळले होते.

काही मित्र म्हणतील, निळू फुले समाजवादी होते, सेवा दलाचे होते, आंबेडकरी नव्हते; त्यांच्यावर आपण का लिहावे? आक्षेप बरोबर आहे, पण अपुरा आहे. समाजवाद्यांनी जातीचा प्रश्न अनेकदा वर्गाच्या मागे लपवला, हे आम्हीही म्हणतो. ‘सामना’तला कांबळे अदृश्य राहिला, त्यामागे हेही कारण असावे. पण बाबासाहेबांनी जोतिबांना गुरू मानले, तेव्हा जात पाहिली नव्हती, काम पाहिले होते. ज्या माणसाने आयुष्यभर शोषकाचा चेहरा लोकांना ओळखायला शिकवले, त्याचे ऋण मान्य करून त्याने न सांगितलेली उरलेली गोष्ट आपण सांगायची, हाच सरळ मार्ग आहे.

म्हणून या १३ जुलैला नक्कल पुढे पाठवू नका. विहारात, अभ्यासिकेत ‘सामना’ लावा. नंतर मुलांना कागद द्या आणि मारुती कांबळेचे घर लिहायला सांगा : त्याची आई, त्याचे वतन, सैन्यातून आल्यावर त्याने पहिला प्रश्न कोणाला विचारला ते. आमच्या गटात हे काम सुरू झाले आहे. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याने पहिले पान आणून दिले आहे. त्यात त्याने आपल्या आजोबांचे नाव लिहिले आहे.

जय भीम!