जुने पिकअप ट्रक : छंद आणि चढत्या किमती

पुढे चालकाची बंद खोली आणि मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू वाहनाला अमेरिकेत ‘पिकअप ट्रक’ म्हणतात. अशी जुनी वाहने जमवणे व दुरुस्त करून चालती ठेवणे हा तेथील एक रूढ छंद आहे. जुन्या आलिशान मोटारींच्या तुलनेत तो दीर्घकाळ अल्पखर्चिक मानला जाई. गेल्या दोन-तीन दशकांत ही स्थिती पालटली आहे.

पार्श्वभूमी : फोर्ड कंपनीने १९२५ साली ‘मॉडेल टी’ या मोटारीला कारखान्यातच हौदा जोडून आपला पहिला पिकअप बाजारात आणला. त्याची किंमत २८१ डॉलर होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शेवरोलेची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका (१९४७–५५), फोर्डची १९४८ साली सुरू झालेली ‘एफ’ मालिका आणि लष्करी ट्रकांवरून घडवलेला डॉजचा ‘पॉवर वॅगन’ ही वाहने शेतांवर व कारखान्यांत राबली. आज संग्राहकांची विशेष मागणी याच पिढीतील वाहनांना आहे.

दरवाढीची कारणे : पहिले कारण दुर्मिळतेचे. मोटार जपली जाई. ट्रक मात्र झिजेपर्यंत वापरून भंगारात काढला जाई. त्यामुळे लाखोंनी बनलेल्या वाहनांपैकी सुस्थितीतील थोडीच उरली. दुसरे कारण आठवणींचे. आजोबांच्या ट्रकात बसून शेतावर गेलेली पिढी हाती पैसा आल्यावर तेच वाहन शोधू लागली. तिसरे कारण लिलावांचे. १९७१ पासूनच्या ‘बॅरेट-जॅक्सन’सारख्या लिलावगृहांना पुढे आंतरजालावरील लिलावांची जोड मिळाली आणि स्थानिक गिऱ्हाइकाची जागा देशभरच्या बोलीने घेतली. महासाथीच्या काळात संग्राह्य वाहनांचे दर झपाट्याने वाढले. २०२२ नंतर हा वेग मंदावला.

किंमत आणि खर्च : लिलावातील मोठ्या आकड्यात जुन्या ट्रकाहून त्यावर झालेल्या कारागिरीचा वाटा अनेकदा अधिक असतो. गंजलेला पत्रा बदलणे, चासी सरळ करणे, इंजिन बांधणे आणि रंगकाम यांचा खर्च तयार वाहनाच्या किमतीपलीकडेही जातो. म्हणून स्वस्तात मिळालेला गंजका ट्रक शेवटी महाग पडू शकतो. खरेदीपूर्वी चासी, चालकखोलीचा तळ, इंजिनाचा क्रमांक व मालकीची कागदपत्रे तपासणे अगत्याचे असते.

परिणाम : दरवाढीमुळे शेताच्या बांधावर पडलेले ट्रक भंगारातून वाचले आणि जुन्या धाटणीचे पत्राकाम जाणणाऱ्या कारागिरांना काम मिळाले. दुसरीकडे, ज्या कष्टकरी कुटुंबांसाठी हे वाहन बनले, त्यांच्याच मुलांना ते परवडेनासे झाले. अधिक भावाच्या आशेने जुन्या सांगाड्यात नवे इंजिन व वातानुकूलन बसवले जाते. त्यात दारावर रंगवलेले शेतमालकाचे नाव आणि हौद्यातील ओरखडे पुसले जातात. त्या वाहनाचा खरा इतिहास मात्र याच खुणांत असतो.

भारतातील नियम : केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून अशा वाहनांच्या व्यापारी वापरास मनाई आहे.