भिंगाची दुर्बीण की आरशाची?

शाळेतल्या मुलींसाठी गटांनी मिळून एक दुर्बीण घ्यावी, असा विचार आपल्या नागापुरात चालू आहे. पैसा बचतीचा आहे, म्हणून आधी दुर्बिणीचा इतिहास ऐकू या.

१६०९ मध्ये इटलीत गॅलिलिओनं आकाशाकडे वळवली ती भिंगाची दुर्बीण. पण भिंगातून बघताना ताऱ्यांच्या कडेला रंगांची झालर यायची. ती टाळायला इंग्लंडमध्ये न्यूटननं १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली.

भिंगातून प्रकाश आरपार जातो, म्हणून काच आतूनही निर्दोष लागते. रंग घालवायचे तर दोन भिंगं, म्हणजे चार बाजू घासाव्या लागतात. मुख्य आरशाची मात्र एकच बाजू. म्हणून त्याच पैशात आरसा मोठा मिळतो. पावसात तांब्यापेक्षा घंगाळात जास्त पाणी साठतं, तसंच प्रकाशाचं आहे. ३ इंचीपेक्षा ६ इंची आरसा चौपट प्रकाश गोळा करतो.

इंग्लंडमध्ये कॅरोलाइन हर्शेलचा भाऊ घरीच आरसे घासायचा. त्याला हात थांबवता येत नसे, तेव्हा ती त्याला घास भरवायची. १७८६ मध्ये तिनं स्वतः धूमकेतू शोधला. पुढच्याच वर्षी राजानं तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला.

आपल्याकडे १८८८ च्या सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा झाली. प्राध्यापक कावसजी नायगमवाला तिथं काम करत. तिथली २० इंची दुर्बीणही आरशाचीच. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

राजाची देणगी नसलेल्यांसाठी अमेरिकेत जॉन डॉब्सननं पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी पेटीची बैठक वापरली. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते. तिथल्याच आयुका संस्थेनं कार्यशाळा घेऊन दुर्बीण बनवायला शिकवलं. काचेच्या दोन चकत्यांमध्ये घासायची पूड टाकून, जात्यासारखी वरची चकती खालचीवर फिरवायची. वरची खोलगट होते. तिला पॉलिश करून वर चकाकता मुलामा दिला, की आरसा तयार.

आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, आरसे अधूनमधून जुळवावे लागतात आणि काही वर्षांनी मुलामा उतरतो. भिंगाच्या दुर्बिणीची एवढी देखभाल नसते. तरीही थोड्या पैशात आकाश बघायचं, तर मी लाकडी बैठकीवरची आरशाचीच घ्या म्हणेन. खोक्यावर किती पट मोठं दिसेल ते लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. आरसा किती इंची आहे आणि बैठक डगमगते का, ते बघा. आणि मुलींना आधी बजावा, सूर्याकडे दुर्बीण कधीही लावायची नाही, डोळे जातील.